तणावाचा स्रोत : वामन

वामनराव रेठरेकर घरात नसलेले बरे, हे मत कराडच्या त्या घरात पहिल्यांदा उघडपणे मांडलं ते कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याने. तोवर ते मत घरात नव्हतंच असं नाही. पण बोलून दाखवायचा वाईटपणा कुणी घेतला नव्हता.

सकाळची वेळ. वामनराव मंडईची फेरी संपवून आले आणि रोजच्याप्रमाणे दारातूनच सुरू झाले. "त्या कांदेवाल्याचा काटा बघितलास का छटाक? रिकामा असताना शून्य नाही दाखवत. आणि वर मला म्हणतो, आजोबा, वारा आहे!"

छटाक हा त्यांचा कुत्रा. आणला तेव्हा ओंजळीत मावत होता म्हणून हे नाव. आता तो दारात आडवा झाला की पोस्टमन फाटकावरूनच हाका मारी. वामनरावांचा आवाज आला की तो उठून बसे आणि गावातल्या समस्त तराजूंचा वृत्तांत कान टवकारून ऐके. इतका चांगला श्रोता वामनरावांना खात्यातही लाभला नव्हता.

त्या दिवशीही तो उठून बसला, आणि त्याच्या गळ्यातून आवाज आला.

"नमस्कार! छटाक आत्ता अस्वस्थ आहे." आवाज बाईचा, गोड, नवीन खातं उघडा म्हणून फोन करणाऱ्यांचा असतो तसा. "तणावाचा स्रोत ओळखला आहे. स्रोत : वामन. छटाकच्या हितासाठी स्रोत दूर ठेवावा. आपला दिवस आनंदात जावो!"

वामनराव जागीच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. त्यांना एकेरी हाक मारणारी माणसं मुळात थोडी, आणि त्यांतलं एकच आता हयात होतं, ते म्हणजे त्यांची विट्याची अक्का.

"ऐकलंत का?" स्वयंपाकघरातून शालनबाई म्हणाल्या.

"काय ऐकायचंय त्यात? यंत्र आहे."

"तुम्हीच म्हणता ना, माणूस खोटं बोलतो, काटा नाही बोलत."

हे मात्र खरं होतं. वामनराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी किलोच्या मापाखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढलं, लिटरच्या मापाला मुद्दाम पाडलेला पोचा ओळखला, आणि जे खरं ठरलं त्यावर शासनाचा शिक्का मारला. शिक्का मारलेल्या यंत्रावर अविश्वास दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःच्याच सहीला खोटी म्हणणं. आणि या पट्ट्यावर शिक्का होता. आणला त्याच दिवशी त्यांनी भिंग घेऊन तो पाहिला होता.

पट्ट्याचं नाव निचरा. तो घरात येण्याचं कारण छटाकचं दुखणं. मागल्या उन्हाळ्यात त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. जनावरांच्या डॉक्टर रुक्साना मुजावर यांनी रक्त तपासून सांगितलं, "काका, याच्या शरीराचे शिपाई याच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी मारायला लागलेत. त्यांना आवरायला स्टेरॉइड लागेल. जोरात लागेल, आणि बरेच महिने लागेल."

औषध लागू पडलं. हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या. छटाकची भूक मात्र अशी वाढली की त्याने एकदा शालनबाईंचा दळणाचा डबा पाडून कोरडं पीठ खाल्लं आणि दिवसभर भुतासारखा पांढरं तोंड घेऊन हिंडला. पण खरी परीक्षा औषध देताना नसते, सोडवताना असते.

स्टेरॉइड कुत्र्याच्या रक्तात काही तासच टिकतं. यकृत त्याला धरतं, त्याची मोडतोड करतं, साखरेच्या भावकीतला एखादा रेणू त्याच्या गळ्यात बांधतं, म्हणजे ते पाण्यात विरघळतं. मग मूत्रपिंडं ते बाहेर काढून टाकतात. औषध जातं, पण अंमल मागे राहतो. साहेबांची बदली झाली तरी त्यांनी काढलेले हुकूम पुढे काही दिवस चालत राहतात, तसाच हा प्रकार. पूर्वी डॉक्टर वजन बघून डोस ठरवत. पण सारख्या वजनाच्या दोन कुत्र्यांची यकृतं सारख्या चालीने चालत नाहीत. निचरा पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या कातडीखालचं पाणी सतत चाखत, या कुत्र्याच्या अंगातून औषध किती वेगाने निचरतंय ते मोजत, आणि तेवढंच औषध त्याच सुयांतून आत सोडत. गोळी नको, पेढ्यात लपवणं नको.

दुसरी एक गोष्टही त्या सुयांना कळे. शरीर स्वतःही एक स्टेरॉइड बनवतं, कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांचं हे काम. औषध आणि कॉर्टिसॉल चुलत भावंडंच. एका रासायनिक बंधाचा काय तो फरक. पट्टा दोघांना वेगवेगळं ओळखे आणि फोनवर दोन रेघा काढी. निळी रेघ औषधाची, तांबडी छटाकच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलची.

तांबडी रेघ दिवसभर जमिनीला धरून चाले. फक्त वामनराव घरात शिरले की उठे.

वामनरावांनी हा आरोप रीतसर तपासायचं ठरवलं. पट्टा माणसं ओळखतो तो त्यांच्या फोनवरून, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आपला फोन शालनबाईंच्या पिशवीत घातला आणि त्यांना बाहेर जाऊन परत यायला सांगितलं.

"मी तुमचा फोन घेऊन माझ्याच घरात शिरू?"

"शीर ना. चाचणी आहे."

शालनबाई शिरल्या. पट्ट्याने त्यांचं वामन म्हणून स्वागत केलं, पण तांबडी रेघ हलली नाही. मग वामनराव फोनशिवाय, मागच्या दाराने, चवड्यांवर आत आले. रेघ सरळ वर गेली. पट्टा म्हणाला, "अनोळखी स्रोत! छटाक फार अस्वस्थ आहे."

म्हणजे फोन निर्दोष होता. दोष माणसात होता.

पुढचे काही दिवस वामनरावांनी सुधारणेत घालवले. चपला बदलल्या. तंबाखूचा वास नको म्हणून मिश्री सोडली, त्यामुळे चिडचिड वाढली, म्हणून परत धरली. अंगणात बसून लांब श्वास घेतले. मंडईतून आल्यावर काट्यांबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं आणि दारात नुसतेच उभे राहिले, तोंड भरल्यासारखे. छटाक उठून बसला, वाट बघत राहिला. रेघ तरीही वर गेली, पूर्वीइतकी नाही, पण गेली.

"नुसता उभा आहे मी! आता काय श्वास पण घेऊ नको?" वामनराव ओरडले. रेघ आणखी वर गेली.

"त्या मुक्या जिवाचं सोडा," शालनबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "तुम्ही आत आलात की माझेही खांदे कानाला लागतात."

बोलून त्या हसल्या. वामनराव हसले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात आपण घरी आलो की घरात काय होतं याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. कांदेवाल्यापासून ते पेट्रोलपंपापर्यंत सगळ्यांचं मोजलं, आणि घरात एक आकडा रोज चढत होता तो त्यांना कुत्र्याच्या पट्ट्याने सांगावा लागला. त्या दिवशी ते जेवताना भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत. शालनबाईंनी दोनदा वाट पाहिली.

डॉक्टर मुजावरांना त्यांनी फोन केला. त्या परगावी एका लग्नात होत्या, मागे सनई वाजत होती. "काका, मी बुधवारी येते. पट्टा काय म्हणतो त्यावरून लगेच काही ठरवू नका. मला एकदा रेघा बघू देत."

पण बुधवारपर्यंत थांबायला मन शांत लागतं. दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी पिशवी भरली.

"कुठं?"

"अक्काकडे. विट्याला. हा बरा होईतो."

शालनबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कुत्र्याला तणाव होतो म्हणून नवरा गावाला गेला, असं सांगू का लोकांना?"

"लोकांना काय सांगायचं ते सांग. आकडे समोर आहेत."

"मी काही म्हटलं का जा म्हणून?"

"राहा पण नाही म्हणालीस."

यावर शालनबाई काहीतरी बोलणार होत्या, पण पट्टा मध्येच म्हणाला, "छटाक फार अस्वस्थ आहे," आणि ते राहूनच गेलं. छटाक फाटकापर्यंत आला. वामनरावांनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रेघ चढली असती.

विट्याला अक्काने पाणी दिलं आणि विचारलं, "वामन्या, भांडून आलास?"

"नाही. वैद्यकीय कारण आहे."

"काय होतंय तुला?"

"मला नाही. माझ्यामुळे होतंय."

"एवढं कळायला तुला सत्तरी ओलांडावी लागली होय?" अक्का म्हणाली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

वामनराव ओसरीवर फोन घेऊन बसले. तांबडी रेघ इस्त्री केल्यासारखी झाली होती. कुठे सुरकुती नाही. पट्टा रोज अभिनंदन करी. "छटाक शांत आहे!" मग एक दिवस म्हणाला, "छटाक उत्तम शांत आहे. औषध ठरल्यापेक्षा लवकर उतरवता येईल. उतरवायचं का?" खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

बोट होयवर नेताना वामनरावांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पण समोर आकडा होता, आकड्याखाली शिक्का होता. शिवाय औषध जितकं लवकर संपेल तितक्या लवकर घरी जाता येईल, हेही मनात होतं. त्याला मात्र कुठला शिक्का नव्हता. त्यांनी होय दाबलं. निळी रेघ जिन्यावरून उतरावी तशी उतरायला लागली.

शालनबाईंचा फोन आला. "शांत आहे हो. फारच शांत आहे."

"मग चांगलंच की."

"अहो, पोळी टाकली तर उठला नाही. फाटक वाजलं तर मान पण नाही उचलली. नजर अशी... भिंतीकडे लागलेली."

"रेघ सरळ आहे, शालन."

"मी रेघेबद्दल नाही बोलत. मी छटाकबद्दल बोलतेय. तुम्ही येताय का?"

वामनरावांच्या पायांनी हो म्हटलं. ते ओसरीवरून उठलेसुद्धा. तोंडाने मात्र खात्याचं उत्तर दिलं. "मी आलो तर रेघ बिघडेल."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर वामनराव ओसरीवर बसू शकले नाहीत, आत बसू शकले नाहीत. अक्काच्या स्वयंपाकघरातला जुना काटा उघडून त्यांनी साफ केला, परत लावला, परत उघडला. "अरे, माझ्या काट्याने काय घोडं मारलंय तुझं?" अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"पडलाय," शालनबाई म्हणाल्या. "उलट्या झाल्या आणि पायरीवरच पाय गेले त्याचे. डॉक्टरीणबाई आल्यात गावाला जाऊन, तिकडंच नेतेय रिक्षातून."

"पट्टा काय म्हणतोय?"

"तुमचा पट्टा म्हणतोय, आपला दिवस आनंदात जावो."

एसटीच्या वीजगाड्या आवाज करत नाहीत, पण वेगाने जातात असंही नाही. वामनराव विट्यापासून कराडपर्यंत सीटच्या कडेवर बसून गेले, जणू मागे टेकलं तर गाडी हळू होईल. दवाखान्यात शिरले तेव्हा छटाक टेबलावर आडवा होता. पायाला सलाइन. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं.

डॉक्टर मुजावरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. "काका, औषध उतरवायला होय कुणी दाबलं?"

"मी."

"का?"

"रेघ सरळ होती. शांत होता तो."

"शांत नव्हता. रिकामा होता." त्यांनी फोन पुढे धरला. "बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडतं. त्या दोन ग्रंथी झोपतात, आक्रसतात. फुकट माल आला की घरचा कारखाना बंद, कामगार गावाला. म्हणून औषध हळूहळू काढायचं, कामगार परत येतील तसतसं. तुम्ही माल एकदम थांबवला, आणि कारखान्यात कुणीच नव्हतं. अंगाला थोडा जरी ताण आला तरी तोलायला स्टेरॉइड लागतं. याच्याकडे बाहेरचं नाही, घरचं नाही. मग रक्तदाब पडतो, साखर पडते, कुत्रा पडतो."

"पण पट्ट्यावर शिक्का आहे."

"आकडा बरोबरच होता हो! कॉर्टिसॉल खरंच तळाला होतं. त्याचा अर्थ चुकला. या पट्ट्यात दोन खाती आहेत. एक औषधाचा निचरा मोजतं. दुसरं मनःशांती सांगतं, ते निरोगी कुत्र्यांवर बेतलेलं. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल कमी म्हणजे शांत. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यात कमी म्हणजे ग्रंथी बंद. एका खात्याने दुसऱ्याला विचारलंच नाही."

खात्यांचं हे वर्तन वामनरावांना समजायला वेळ लागला नाही. त्यांना समजत नव्हतं ते दुसरंच. "मग मी आलो की रेघ चढायची, ती?"

"कॉर्टिसॉल भीतीनेही चढतं, आनंदानेही. मालक आला, आता काहीतरी ऐकायला मिळणार, याचंही चढतं. दिवसभरात त्या ग्रंथी एवढंच एक काम करत होत्या, काका. तुम्ही आलात की जाग्या व्हायच्या. तुम्ही तेही बंद केलंत."

वामनराव खुर्चीवर बसले. आयुष्यभर त्यांनी तराजू तपासले होते, पारड्यात काय आहे ते विचारायचं काम त्यांचं नव्हतं. किलोभर म्हणजे किलोभर. विष असो की साखर, खात्याला सारखंच.

"जगेल ना?" शालनबाईंनी विचारलं.

"स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय. ते निळ्या-तांबड्या दोन्ही रेघांत दिसत नाही, वेगळ्या जातीचं आहे. आजचा दिवस निघेल. पुढचं एका गोष्टीवर आहे. ग्रंथी झोपल्यात की मेल्यात. झोपल्या असतील तर परत औषध सुरू करू आणि महिनोन्‌महिने हळूहळू उठवू. मेल्या असतील तर अवघड आहे. त्यांना ढोसून बघायचं एक इंजेक्शन असतं, मेंदूच्या हुकुमाची नक्कल. ते कोल्हापूरहून यायला उद्या उजाडेल." डॉक्टर वामनरावांकडे वळल्या. "तोपर्यंत तुम्ही आहात."

"मी काय करू?"

"रोज करता ते."

वामनराव टेबलापाशी उभे राहिले. शालनबाई आणि डॉक्टर फोनमधल्या रेघेकडे बघत होत्या. "छटाक," ते म्हणाले. मग काही सुचेना. "कसा आहेस?" हे त्यांनी त्या कुत्र्याला जन्मात विचारलं नव्हतं. छटाकचा कानही हलला नाही. तांबडी रेघ जमिनीवरच.

"असं दवाखान्यात भेटायला आल्यासारखं नको," शालनबाई म्हणाल्या. "नेहमीचं बोला."

"नेहमीचं आता येत नाही. सोडलंय मी ते."

खरंच येत नव्हतं. सुधारलेला माणूस आजारी श्रोत्यापुढे हात चोळत उभा होता. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. शालनबाईंनी पदर खोचला आणि सहज विषय निघाल्यासारखं म्हणाल्या, "परवा मी पेढे आणले. औषध सुटतंय म्हणून शेजारी वाटायला."

"बरं."

"त्याने खोक्यासकट तोलले."

वामनरावांनी मान वळवली. "काय?"

"खोकं काट्यावर ठेवलं, त्यात पेढे भरले, आणि अर्धा किलो म्हणाला. चांगलं जाड खोकं होतं. झाकण पण."

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही. घेतले आणि आले."

"काही बोलली नाहीस?" वामनरावांचा आवाज चढला. "अगं पुठ्ठा काय पेढ्याच्या भावाने खायचा? आधी रिकामं खोकं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग माल! लहान पोराला कळतं! आणि झाकण? झाकण वजनात कुणी धरतं? कुठला तो? चावडी चौकातला? त्याच्या बापाचा काटा मी जप्त केला होता, पारड्याखाली चिंच चिकटवली होती त्याने, चिंच! छटाक, ऐकतोस का तू? यांना मी इतकी वर्षं..."

"काका, थांबू नका," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

थांबायचा प्रश्नच नव्हता. फोनवर तांबडी रेघ थरथरली. एक लहानसं टेंगूळ आलं, बसल्यासारखं झालं, आणि मग रेघ हट्टी पोरासारखी वर सरकायला लागली. टेबलावर शेपटीचं टोक एकदा आपटलं. छटाकने मान उचलली, ती लटपटली, त्याने परत उचलली आणि दोन्ही कान वामनरावांकडे केले.

डॉक्टर मुजावरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "झोपल्यात," त्या म्हणाल्या. "नुसत्या झोपल्यात."

"नमस्कार!" पट्टा गोड आवाजात म्हणाला. "छटाक अस्वस्थ आहे. स्रोत : वामन. छटाकच्या हितासाठी स्रोत दूर ठेवावा."

शालनबाई वाकल्या आणि छटाकच्या गळ्याशी तोंड नेऊन म्हणाल्या, "गप बस गं बाई. हे कुठंही जायचे नाहीत आता. मला चालत नाही."

वामनरावांना ते ऐकू गेलं नाही. ते तोवर चिंचेवरून सराफाच्या गुंजांवर पोचले होते.